ताट अजून ओट्यावरच आहे

पत्र:

"मावशी, प्रभूच्या नावाने सलाम. मी नगरकडची. लग्न होऊन इंदूरला आले त्याला चार वर्षं झाली. राजेंद्रनगरला दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे, यजमान पीथमपूरच्या कारखान्यात पाळीने जातात, सासूबाई आमच्याजवळ असतात, मुलगा अडीच वर्षांचा. घर साधं, निरोगी आणि ख्रिस्ती असावं असं मनापासून वाटतं, म्हणून वर्षभर मोबाईलवर बघून बघून शिकतेय. बाजारचा पाव बंद केला, घरी खमीर लावते, पण पाव दगडासारखा होतो. साबण करायला घेतला तर मनगटावर उडून भाजलं. काचेच्या बरण्यांवर सहा हजार गेले. गोधडीसाठी कापड मागवलं, ते तसंच पडलंय. रात्री आठला कुटुंबप्रार्थना ठरवली, पण मुलगा बसत नाही आणि मी ओरडते. नीतिसूत्रांच्या 31व्या अध्यायातल्या सद्गुणी स्त्रीसारखी मी कधी होईन असं वाटत नाही. दिवाळीत शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. घर आवरलेलं नव्हतं म्हणून दारातच ताट घेतलं, आत या म्हटलं नाही. आता तीन आठवडे झाले, ताट अजून ओट्यावरच आहे. काहीतरी छान, स्वतःच्या हातचं करून द्यावं म्हणून थांबलेय. माझं कुठे चुकतंय?"

— एक बहीण, इंदूर

उत्तर:

प्रिय लेकी, तुलाही सलाम.

साबणाचं, पावाचं, गोधडीचं सगळं सांगते, पण आधी त्या ताटाचं बोलू. बाकीचं तू सविस्तर लिहिलंस आणि ताटाचं शेवटी घाईघाईने उरकलंस. मला मात्र तिथून पुढे जाता येईना. स्टीलचं ताट असेल, मागच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी काकूंचं किंवा त्यांच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं असेल. तू रोज ते पुसून बाजूला ठेवतेस आणि रोज ते तुझ्याकडे बघतं.

ताट रिकामं परत करायचं नसतं, निदान चमचाभर साखर तरी घालायची, हे तुला तुझ्या आईनेच शिकवलं असणार. म्हणूनच तू थांबलीस. पण जिथे साखरेवर भागत होतं, तिथे तुला घरचा पाव द्यायचा होता, तोही चांगला फुगलेला. काकूंना तुझ्या मनातला पाव कसा दिसणार? त्यांना एवढंच दिसलं की सूनबाईने ताट घेतलं आणि आत बोलावलं नाही. आणखी एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. गल्लीत ख्रिस्ती घर एखादंच असतं. "यांना आपला फराळ चालत नसेल का?" असंही त्यांच्या मनात येऊन गेलं असेल. तुझ्या मनात तसं काही नव्हतं हे मला माहीत आहे, त्यांना ते कुठून कळणार?

चुकतंय ते इथेच. घर नीट करता करता तू घरात माणूस येण्याची अट वाढवत गेलीस. आधी घर झाडलेलं असलं की पुरत होतं. मग बरण्या एकसारख्या हव्या झाल्या, मग पाव घरचा, मग साबणही घरचा. अट वाढत गेली आणि दार लागत गेलं. जे घर प्रभूसाठी मांडायचं म्हणून तू एवढी राबतेस, त्याच घराच्या उंबऱ्यावरून एक म्हातारं माणूस परत गेलं.

माझी आई इंदूरलाच मिशनच्या शाळेत शिकवायची. आम्ही सहा माणसं आणि एक मोठी खोली. हिवाळ्यात माळव्यात मटार स्वस्त झाला की पोतंभर शेंगा घरात यायच्या आणि खाटेवर, जमिनीवर सगळीकडे शेंगाच शेंगा. अशात कोणी आलं की आई "बसा" म्हणायची, शेंगा हाताने सरकवून खाटेवर वीतभर जागा करायची आणि पाहुण्याच्या मांडीवर सूप ठेवायची. पाहुणा मटार सोलत बसायचा, बोलायचा, कधी कधी रडायचाही. आमच्या घरी येऊन कुणी अवघडला असं मला आठवत नाही. टरफलं गाईला जायची. आईने त्या खोलीला कधी "ख्रिस्ती घर" असं नाव दिलं नाही. वस्तीतले लोक मात्र तसं म्हणायचे.

आता सद्गुणी स्त्री. तो अध्याय तू आरशासारखा समोर धरतेस आणि रोज स्वतःला नापास करतेस. एकदा तो हळूहळू वाच. पंधराव्या वचनात ती दासींना कामं वाटून देते. म्हणजे तिच्या हाताखाली माणसं होती. तुझ्याकडे अडीच वर्षांचं पोर आहे आणि पाळीने जाणारा नवरा आहे. शिवाय एका राजाच्या आईने मुलाला कशी बायको शोध हे सांगताना रंगवलेलं ते चित्र आहे, त्यात एका बाईच्या एका दिवसाचा हिशोब नाही. मला त्या अध्यायात सगळ्यात आवडतात ती एकोणिसावं आणि विसावं ही वचनं. एकोणिसाव्यात तिचे हात चातीवर आहेत, सूत काततायत. लगेच विसाव्यात तेच हात गरिबासमोर उघडे झालेले आहेत. कातणं आणि देणं यांच्या मध्ये एक ओळसुद्धा नाही. तुझ्या घरी मात्र कातणं वर्षभर चाललंय आणि देणं तीन आठवडे ओट्यावर थांबलंय.

आता कामाचं. साबण आजपासून बंद कर. हे मी आर्जवाने सांगत नाही, बजावून सांगते. तू वापरलास तो कॉस्टिक सोडा. तो पाण्यात पडला की पाणी चुलीवर ठेवल्यासारखं तापतं. ज्यांना करायचंच आहे त्यांनीही आधी पाणी घ्यायचं आणि त्यात सोडा थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तर तो घालायचाच नाही, पातेलं खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. मनगटावर उडालं तर लिंबू, व्हिनेगर काही लावत बसू नये, वीसेक मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरावा आणि डॉक्टरांना दाखवावं. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. ज्या घरात अडीच वर्षांचं मूल प्रत्येक डबा उघडून बघतं, त्या घरात ही पुडी नको. साबण दुकानातून आण, त्यात तुझी श्रद्धा कमी होत नाही. हाताने काही करायचंच असेल तर रिठे आण. आठ-दहा रिठे बिया काढून रात्री भिजत घाल, सकाळी उकळ, गार झाल्यावर कुस्करून गाळ. थंडीतले स्वेटर, शाली, सासूबाईंचं रेशमी लुगडं त्या पाण्यात छान निघतं. डोळ्यात मात्र तेही झोंबतं, तेव्हा मुलाला दूर ठेव.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फरशी पुसायची पद्धत मोबाईलवर फार दाखवतात. फेस येतो म्हणून जोरदार वाटतं, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हाती जवळजवळ खारट पाणीच उरतं. वेगवेगळे वापर. बोरिंगच्या पाण्याने नळावर पांढरा थर बसतो, त्याला व्हिनेगर किंवा लिंबाचं फूल पाण्यात कालवून लाव. चिकट डब्यांना सोडा. आणि संडास साफ करायचं ॲसिड नि ब्लीचिंग पावडर ही दोन कधीही एकत्र करू नकोस, त्यातून निघणारा वायू छातीत भरतो.

बरण्या घेतल्यास त्या घेतल्यास. वापर, आणखी घेऊ नकोस.

पावाचं मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तिथे तू उगीच हरतेस. तो परदेशी पद्धतीचा खमिराचा पाव थंड हवेत, बारा-पंधरा तास निवांत फुगवायचा आणि चांगल्या तापलेल्या भट्टीत भाजायचा असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळिसाला टेकतो, पीठ दुपारपर्यंत आंबून खाली बसतं आणि तुझ्याकडे ओव्हन असेल तर तो टेबलावरचा. मग पाव दगड होणारच. पण आंबवणं तुला येत नाही असं कुठे आहे? इडलीचं पीठ तू लावतेस, आंबोळ्या करतेस, तुझ्या आजीने ज्वारीची आंबील केली असेल. ते सगळं खमीरच. घरात जे जमतं त्यालाच निरोगी म्हण आणि त्याच्यावर प्रेम कर. ज्वारीची भाकरी आठवड्यातून चार दिवस करून बघ. माळव्याचा गहू चांगला म्हणून आपण ज्वारी विसरलो, पण इथल्या जुन्या माणसांच्या ताटात ज्वारी आणि मका असायचाच. मोड आलेली मटकी, एक पालेभाजी, ताक, आणि तेलाचा हात जरा आखडता. इंदूरला शेव पोह्यांवर, भाजीवर, वरणावर, सगळीकडे पडते. ती रविवारी उपासनेनंतरच्या पोह्यांपुरती ठेव, म्हणजे मुलाची जीभही सगळ्याला सरावेल. प्रभूने पाच हजारांना जेवू घातलं त्या भाकरी जवाच्या होत्या, गरिबाघरच्या, एका पोराजवळच्या. आणि जेवणं झाल्यावर तुकडे गोळा करायला सांगितलं, काही वाया जाऊ नये म्हणून. उरलेल्या पोळीची फोडणी करताना मला ते नेहमी आठवतं.

उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरून ठेवायची पद्धत इथे अजून आहे. ऊन चांगलं दाखवून, गार करून, तळहाताला एरंडेल लावून मूठमूठ गहू चोळायचा, डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा. पुढच्या एप्रिलला हे सासूबाईंबरोबर कर. चोळायला दोन बायका लागतातच.

सासूबाई! त्यांच्याबद्दल तू अख्ख्या पत्रात तीनच शब्द लिहिलेस, "सासूबाई आमच्याजवळ असतात." त्यांच्या ट्रंकेत काय आहे ते तू कधी बघितलंस का? त्या वयाच्या बाईकडे स्वतःच्या हाताची एक तरी गोधडी असतेच. मागवलेलं कापड ठेवून दे. उद्या दुपारी पोरगा झोपला की सासूबाईंना म्हण, "आई, तुमची एखादी विरलेली सुती साडी द्या, बाळाला गोधडी शिवायची आहे, मला येत नाही." शेवटचे तीन शब्द मुद्दाम म्हण. म्हाताऱ्या माणसाला आपण अजून कुणाला हवे आहोत हे फार क्वचित कळतं.

साडी साडेपाच मीटरची. खळ असेल तर आधी धुऊन काढा. लांबीत चार घड्या घातल्या की साधारण एक मीटर पस्तीस आणि रुंदीला सव्वा मीटरच्या आतबाहेर असे चार थर मिळतात, मुलाच्या मापाला नेमके. मध्ये यजमानांचे जुने मऊ शर्ट उसवून घाला, पण नायलॉन किंवा टेरिलिन नको, आत गोळा होतं आणि घाम धरतं. जमिनीवर पसरून सुरकुती काढायची, चारही कडांना गुडघे टेकून ताण द्यायचा आणि आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर पक्के धरायचे. मग कड आत मुडपून धावदोरा सुरू. कडेने सुरुवात, चौकोनात फिरत फिरत मधे यायचं. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर पुरे. जाड सुती दोरा, लांब सुई, बोटात अंगुस्ताना. सुई खालून वर येते तेव्हा डाव्या हाताच्या बोटाला टोक लागतं, पहिले चार दिवस ते बोट दुखतं, मग तिथे कातडी जाड होते. सासूबाईंच्या त्या बोटाला हात लावून बघ, अजून खरखरीत असेल. टाके वाकडे आले तर उसवू नकोस. पाचव्या ओळीपर्यंत हात बसतो आणि पहिल्या चार ओळी तुझ्या लक्षात राहतात.

हस्तकला आणि श्रद्धा यांचा संबंध काय, असं तुझ्या मनात येत असेल, म्हणून दोन बायकांची आठवण देते. यापोची टबीथा वारली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेली वस्त्रं दाखवत होत्या. शास्त्रात तिचं एकही भाषण नाही, तिचे कपडे मात्र आहेत आणि ते अंगात घालणाऱ्या बायका आहेत. दुसरी आपल्या पंडिता रमाबाई. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून, म्हणजे आपल्या या बाजूच्याच मुलखातून, निराधार बायकामुलींना पुण्याजवळ केडगावला, आपल्या मुक्ती मिशनमध्ये नेलं. एवढी मोठी संस्कृतची विदुषी, पण मुक्तीमध्ये तिने बायकांच्या हाती माग दिला, शिवण दिलं, तेलघाणा दिला, छापखाना दिला. कारण त्या बायकांना उद्या कुणापुढे पदर पसरावा लागू नये. हातकाम कशासाठी ते तिथे उजेडासारखं स्पष्ट होतं. तुझ्या गोधडीलाही कुणीतरी पांघरणारं आधी ठरव, मग सुई घे. पहिली मुलाला होईल. दुसरी मंडळीतल्या एखाद्या बाळंतिणीला दुपटं म्हणून दे.

प्रार्थनेचं सगळ्यात सोपं आहे आणि तेच तुला सगळ्यात जड जातंय. रात्री आठला अडीच वर्षांचं मूल पेंगलेलं किंवा पिसाळलेलं असतं, यजमान दुसऱ्या पाळीत असले तर घरातच नसतात. ती वेळ सोडून दे. त्याला दोन मिनिटं पुरतात. जेवायच्या आधी हात जोडून "देवा, ही भाकर तू दिलीस" आणि झोपताना अंगावर हात ठेवून त्याचं नाव घेऊन आशीर्वाद, एवढंच. आठवड्यातून एक दिवस, यजमानांच्या पाळीप्रमाणे ठरवून, सगळे मिळून दहा मिनिटं बसा. एक स्तोत्र, एक भजन, प्रभूची प्रार्थना. आणि हे मराठीत करा. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने 1877 साली इंदूरला काम सुरू केलं, 1887 मध्ये ख्रिश्चन कॉलेज काढलं, या शहराला त्यांनी खूप दिलं. पण इथे उपासना बहुतेक हिंदीत चालते आणि आपल्या घरातली मराठी प्रार्थना दुसरं कुणी शिकवणार नाही. मुलगा मध्येच उठून खेळायला लागला तर लागू दे. भजन म्हणायला सासूबाईंना सांग. त्याच्या हातात चिपळ्या नाहीतर दोन वाट्या दे, तो ताल धरेल, नाही धरला तरी नुसता वाजवेल. त्याच्यावर ओरडलीस असं झालंच तर त्याच्याच देखत देवाची क्षमा माग, मोठ्याने. मी माझ्या मुलांसमोर ते केलंय. ती मुलं आता पन्नाशीला आली आहेत, भजनं विसरली असतील, पण आईने क्षमा मागितलेली त्यांना आठवते.

आता ते ताट. पुढच्या रविवारची वाट बघू नकोस. गूळपापडी कर, पाऊण तासात होते. गव्हाचं पीठ दोन वाट्या, तूप एक वाटी, किसलेला गूळ दीड वाटी, वेलची, असेल तर थोडी सुंठ, आता थंडी पडतेच आहे. कढईत तूप तापवून पीठ मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाज, रंग बदामी होऊन घरभर वास सुटला पाहिजे. मग गॅस बंद कर, दोन मिनिटं थांब आणि तेव्हाच गूळ घाल. गॅसवर असताना गूळ घातलास तर त्याचा पाक होतो आणि वड्या कडक होतात. भराभर ढवळून तूप लावलेल्या थाळीत थाप, गरम असतानाच सुरीने वड्या पाड. गार झाल्यावर काकूंच्या ताटात मांड, वर धुतलेला रुमाल टाक.

न्यायला मुलाला बरोबर घे, ताटाची एक कड त्याला धरू दे. "काकू, उशीर झाला, चुकलं" एवढंच म्हण, कारणं सांगू नकोस. त्या बस म्हणतील, तर बस. आणि निघताना त्यांना सांग की उद्या दुपारी चहाला या, सासूबाईंबरोबर गोधडी घातली आहे, घरभर चिंध्या आहेत, त्यातच बसू. आल्या की त्यांनाही एक सुई ओवून दे.